राखेने पुसलेली काच

पेटी उघडली आणि वास आला. बंदुकीच्या तेलाचा, जुन्या कातडी पट्ट्याचा आणि खाली अंथरलेल्या मऊ कापडाचा. दादाला जाऊन तीन महिने झाले. त्याचे कपडे वहिनीने देऊन टाकले, खाट आतल्या खोलीत उभी करून ठेवली, चपला कोणी नेल्या ते मला माहीत नाही. पण हा वास पेटीत तसाच बसून होता. झाकण हाताने धरून मी थोडा वेळ तसाच राहिलो. वहिनी दारातून पाहत होती, म्हणून मग खोकल्यासारखं केलं आणि कामाला लागलो.

मानोऱ्याच्या ठाण्यातून निरोप आला होता. ज्याच्या नावाचं लायसन तोच राहिला नाही, तर बंदूक घरात ठेवता येत नाही, गुरुवारी आणून जमा करा. पुतण्या पुण्याला नोकरीवर आहे, त्याला बंदूक नको. वहिनीने मला बोलावून घेतलं.

"भाऊजी, जमा कराच्या आंदी एक डाव पुसून द्या. त्यायची वस्तू मळकी जाऊ नये."

मी बरं म्हटलं. दुसरं कोण पुसणार? पंचवीस वर्षं दर रविवारी ते काम माझंच होतं.

अंगणातल्या निंबाखाली सतरंजी टाकली, तिच्यावर धुतलेलं पांढरं कापड. हात साबणाने धुतले, उन्हात वाळवले. आधी बोल्ट मागे ओढला आणि काढून बाजूला ठेवला. मॅगझिन काढलं. जिथं गोळी बसते तिथं डोळ्याने पाहिलं, मग करंगळी घालून पाहिलं. दोन्ही करायचं. दादा म्हणायचा, नुसत्या डोळ्यावर भरोसा ठेवायचा नाही आणि नुसत्या बोटावरही नाही. गोळ्या तर जवळपासही नव्हत्या, त्या आत दुसरीकडे कुलपात. नळीचं तोंड बांधाच्या मातीकडे. वहिनी चहा घेऊन समोरून यायला निघाली, तिला मी हाताने थांबवलं. ती घराला वळसा घालून मागून आली. या अंगणात सगळ्यांना ते माहीत आहे.

मग दुर्बीण. दादा तिला स्कोप म्हणायचा, आम्ही सगळे दुर्बीणच म्हणायचो. वीतभरापेक्षा थोडी लांब काळी नळी, दोन्ही तोंडांना काच, काचांवर रबरी टोप्या. दोन खिट्ट्या सैल केल्या की बंदुकीवरून हातात येते. समोरची टोपी काढली आणि काच उन्हात तिरपी धरली.

तिरपी धरायला नको होती.

आमच्या लहानपणी घरात एकच कंदील होता. दिवस कलला की आई चुलीतून गोवरीची राख काढायची. पांढरी, हलकी. ती जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची, खाली पिठासारखी भुकटी पडायची. कंदिलाची काच साफ करायचं काम माझं होतं, कारण माझाच हात तिच्यात जायचा. दादाचा हात मनगटाशी अडकायचा. एकदा जोर करून घातला तर काच फुटली, आणि आईने आठ दिवस त्याला दिवा न लावता जेवायला बसवलं.

मी काचेत तोंडाची वाफ सोडायचो, चिमूटभर राख टाकायचो आणि चिंधी आत घालून फिरवायचो. सुरुवातीला काच मुकी असते. मग काजळी सुटते, राख काळी होते, दुसरी चिंधी घ्यायची, पुन्हा वाफ. शेवटी बोट फिरवलं की काच चूं चूं बोलायची. बोलली की झाली. आई ती काच डोळ्यापुढे धरायची आणि म्हणायची, काच हाय का नाई तेच समजत नाही. मी आठ वर्षांचा असेन. त्यानंतर मला कोणी कशाबद्दल शाबासकी दिली असेल, नसेल, पण ती आठवते.

त्या काचेखाली दादा शिकला. कंदिलाच्या एका बाजूला तो पुस्तक घेऊन बसायचा, दुसऱ्या बाजूला आई भाकरी थापायची, आणि मी मधे बसून वात वरखाली करायचो. घासलेटचा वास, भाकरीचा वास, आणि दादाचं ते एका सुरातलं वाचणं. चौथीत माझं मास्तरशी वाजलं, मी दप्तर घरी आणून खुंटीला लावलं आणि पुन्हा गेलो नाही. बापाने मारलं, आईने समजावलं. नाही म्हणजे नाही. पण काच पुसायचं सोडलं नाही.

पावसाळ्यात वर्षावास लागला की तीन महिने रोज दिवेलागणीला विहारात ग्रंथ वाचला जायचा. विहार म्हणजे तेव्हा चार कुडाच्या भिंती आणि वर कौलं, बापाने आणि वस्तीतल्या माणसांनी डोक्यावर दगड आणून जोतं घातलेलं. कंदील आमच्या घरचा न्यायचे. वस्तीत बाकीच्यांकडेही कंदील होते, पण काच आमचीच. दादा वाचायचा आणि मी त्याच्या खांद्याशी कंदील धरून उभा राहायचो. कौलावर पाऊस, ओल्या घोंगड्यांचा वास, बाया पदर डोक्यावर घेऊन ऐकताहेत. माझा हात भरून यायचा. कोणी म्हणालं, पोरा, खाली ठेव, तरी मी ठेवायचो नाही. मला वाटायचं, वाचतो दादा, पण दिसतं माझ्यामुळं.

मग दादा पलटणीत गेला. सुट्टीवर आला की त्याच्या लोखंडी पेटीतून बुटाच्या पालिशचा आणि दूरच्या कुठल्यातरी साबणाचा वास यायचा. एकदा त्याने मला टॉर्च आणून दिला. मी तो दोन वर्षं वापरला नाही. कंदील काय वाईट आहे, म्हटलं. तो हसला आणि बायकोला म्हणाला, "याले रेल्वेत बसवलं तरी हा बैल जुंपून मांगं मांगं येईन."

दुर्बीण आली ती तो कायमचा घरी आला तेव्हा. त्याच्या साहेबाने निरोपाच्या वेळी दिली होती. बंदूकही त्याने लायसन काढून घेतली, पण ती फारशी चाललीच नाही. रोही, म्हणजे नीलगाई, उभ्या पिकात शिरल्या तर आम्ही डबे वाजवायचो, फटाके लावायचो. बंदूक घरी कुलपात असायची आणि दुर्बीण तेवढी काढून दादा शेतात आणायचा. बंदुकीवर बसवलेल्या दुर्बिणीतून माणसाकडे पाहायचं नाही, हा त्याचा कायदा होता. त्याने तो कधीच मोडला नाही.

तुरीच्या वावरात आमचा राखणीचा माळा होता, चार बल्ल्यांवर बांधलेला. त्याच्यावर आम्ही दोघं म्हातारपणाकडे निघालेले भाऊ पोरांसारखे बसायचो. आळीपाळीने पाहायचो. पहाटे नाल्यापलीकडे रोह्यांचा कळप उभा असायचा, त्यांच्या नाकातून वाफ निघायची आणि ती वाफ मला इथून दिसायची. कानावर बसलेली माशी दिसायची. माघात पळस फुलला की दादा मला एकेक फूल दाखवायचा, जसा तो त्यानेच लावला असावा. पोहरादेवीची यात्रा लागली की तांड्यावरच्या बाया रस्त्याने पायी निघायच्या. त्यांच्या घागऱ्यांवरचे आरसे उन्हात एकदम चमकायचे, दुर्बिणीत तर डोळ्यापुढे ठिणग्या उडाल्यासारखं व्हायचं. आवाज नाही, नुसता उजेड चालतोय असं.

एकदा माझी बायको दिसली. लांबच्या वावरात निंदत होती, मधेच उभी राहिली, कमरेला हात लावून माळ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलू लागली. दोन फर्लांगावरून आवाज कुठला येणार. पण ओठ मला स्वच्छ ओळखू आले. दादाने माझ्या हातातून दुर्बीण घेतली, पाहिलं आणि म्हणाला, "खाली उतर लहान्या. माह्या बी नावाचा उद्धार होऊन राह्यला." मी घरात सगळ्यांत लहान, म्हणून म्हातारा झालो तरी लहान्याच राहिलो.

ती बाई आता नाही. माळा नाही. तुरीच्या वावरात आता विजेचा खांब आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी एकदा सोयाबीनचं पीक खूप आलं होतं. काढणी चालू होती, गावात दोनच थ्रेशर, रात्रंदिवस घरघर. भुशाची धूळ अशी की जेवणात, अंथरुणात, पापण्यांवर. दादा हयातीचा दाखला द्यायला सकाळच्या एसटीने वाशीमला गेला होता. दुर्बीण त्याच्या ओसरीवर खुंटीला लटकत होती आणि तिच्या टोप्या त्याने लावल्या नव्हत्या. असं तो कधी करत नसे. घाईत राहिलं असेल.

मी तिच्यावर बोट फिरवलं. धूळ. पण धुळीखाली दुसरंही काही होतं. काच तिरपी केली की निळं, जांभळं दिसायचं. पाण्यावर घासलेट सांडल्यावर दिसतं ना, अगदी तसं. मला वाटलं, तेल लागलं आहे. बंदुकीचं तेल. आणि मला हसू आलं. एवढा पलटणीतला माणूस, अख्खा देश फिरून आला, आणि काच पुसता येत नाही. म्हटलं, येऊ दे संध्याकाळी. दाखवतो.

वहिनी वावरात गेली होती, तिच्या चुलीतून राख घेतली. तिचा मलमलचा तुकडा घेऊन गाळली, आई गाळायची तशी. ओसरीच्या पायरीवर बसलो. काचेवर वाफ सोडली, राखेची चिमूट टाकली, चिंधी फिरवली. धूळ गेली, पण तो निळा डाग जाईना. पुन्हा राख. पुन्हा वाफ. बोटाच्या टोकाने, मग अंगठ्याने. दुपार झाली. बायकोने जेवायला हाक मारली, गेलो नाही. डाग हट्टी होता आणि मी काही कमी नाही. शेवटी तो आधी मधून गेला, मग कडांनी गेला. एका काचेचा गेला, मग दुसरीचा. काच पांढरी लख्ख झाली. बोट फिरवलं तर चूं चूं बोलली.

चाळीस वर्षांनी काच बोलली होती. मला इतका आनंद झाला की कोणाला दाखवावं म्हणून मी गल्लीत जाऊन आलो, पण बायकोसकट सगळे वावरात गेले होते.

मग मी तिला डोळा लावला. नाल्याकडे पाहिलं. सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसलं. मला वाटलं भुशाची धूळ आहे हवेत. सूर्य बाजूला होता, त्याचा उजेड काचेत भरून नुसता पांढरा पसरला. टोप्या लावल्या आणि ती खुंटीला अडकवून घरी गेलो.

दादा शेवटच्या एसटीने आला. मी मुद्दाम तिथे होतोच. त्याने पाय धुतले, चहा घेतला, दुर्बीण खुंटीवरून काढली, टोपी काढली, डोळ्याला लावली. खाली घेतली. पुन्हा लावली. मग ती तिरपी करून काचेकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मी आज सांगू शकत नाही. त्याचं तोंड मी ओळखतो. आई गेली तेव्हा तो असाच उभा होता.

"लहान्या, हे पुसली का कोनी?"

मी तोंड उघडलं. माझ्या नखांत अजून राख होती. हो म्हणणं किती सोपं होतं. पण राख म्हटलं की आमचा कंदील आला, आई आली, वस्तीतली सगळ्यांत साफ काच आली. तेवढं एकच मला येत होतं.

"नाई," मी म्हणालो. "कोन पुसन?"

दादाने टोपी लावली.

"मंग माहे डोळेच गेले असन," तो म्हणाला, आणि आत गेला.

पुढच्या रविवारी त्याने मला बोलावलं. अंगणात सतरंजी, तिच्यावर पांढरं कापड. म्हणाला, माझे डोळे आता कामाचे राहिले नाहीत, आजपासून दुर्बीण तू पुसायची, मी सांगतो तसं. आणि सांगू लागला, माझ्याकडे न पाहता, नव्या भरती झालेल्या पोरांना सांगावं तसं.

आधी बंदूक रिकामी. मग हात धुवायचे. काचेला बोट लावायचं नाही, बोटाला तेल असतं. पुसायची घाई करायची नाही, आधी धूळ उडवायची. त्यासाठी औषधाच्या दुकानातला रबरी फुगा, लेकरांचे कान धुवायचा, पण कोरा, कधी न वापरलेला. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते. काच खाली तोंड करून धरायची म्हणजे धूळ खाली पडते, परत बसत नाही. मग मऊ केसांचा ब्रश, हलका, कडेला साचलेलं काढायला. तो ब्रश झाकणाच्या डबीत राहिला पाहिजे. एवढं झाल्यावर कापड. चष्म्याच्या दुकानातलं बारीक कापड, त्याच्यावर काच पुसायच्या औषधाचे दोन थेंब. थेंब कापडावर, काचेवर नाही, नाही तर ते फटीतून आत जातात. मधून सुरू करून गोल गोल कडेकडे यायचं. जोर द्यायचा नाही. आणि दुर्बीण कधीही सूर्याकडे धरून पाहायची नाही, डोळा जाळते.

"धूळ म्हंजे बारीक गोटेच," तो म्हणाला. "पुसली का वरबाडते. आन काचेवर निळसर पापुद्रा असते ना, थो डाग नोय. थे कातडी हाये काचेची."

मी मान हलवली. कातडी सोललेली काच माझ्या मांडीवर होती.

तेव्हापासून रविवार. पंचवीस वर्षं. पाऊस असला तर ओसरीत, थंडी असली तर उन्हात. निंबाचा मोहर काचेवर पडायचा, तो मी फुग्याने उडवायचो. वहिनी मागून येऊन चहा ठेवायची. कधी उकडलेल्या तुरीच्या शेंगा, कधी नुसता गूळ. दादा समोर खाटेवर बसलेला, हातात काही नाही. विहारातून सकाळच्या वंदनेचा आवाज यायचा, आता भोंग्यावर. आम्ही फार बोलत नव्हतो. काम झालं की मी दुर्बीण त्याच्याकडे द्यायला जायचो आणि तो म्हणायचा, "तू पाह्य पयले. कशी दिसते?"

मी डोळा लावायचो. नाल्याच्या जागी दूध. पळसाच्या जागी लाल ओल.

"साफ दिसते," मी म्हणायचो.

तो माझ्याकडे बघत राहायचा, दुर्बिणीकडे नाही. मग टोप्या लावायचा, पेटीत ठेवायचा. स्वतः कधी डोळा लावला नाही. मला वाटायचं, बिचाऱ्याचे डोळे गेले, पाहून काय करेल. पण त्याच डोळ्यांनी तो वर्षावासात ग्रंथ वाचायचा, चष्म्याशिवाय, बारीक टाईप. हे मी पाहत होतो. पंचवीस पावसाळे पाहत होतो. पाहून न पाहिल्यासारखं करायला मला चांगलं येतं.

हिवाळा संपताना त्याला वाशीमच्या दवाखान्यात ठेवलं. खिडकीबाहेर ऑटोंची गडबड, आत फिनेलचा वास. शेवटी शेवटी तो फार थोडं बोलायचा. एका सकाळी त्याने विचारलं, आज वार कोणता. रविवार, मी म्हणालो. त्याने डोळे माझ्याकडे वळवले.

"कशी दिसते रे ते काच आता?"

"साफ हाये दादा. घरी गेल्यावर पाह्यजो."

त्याने तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं झोपला. मी चादर नीट केली.

तर मी हे सगळं आठवत निंबाखाली बसलो होतो, आणि ती काच उन्हात तिरपी धरली होती. निळं नाही, जांभळं नाही. मधोमध बारीक बारीक गोल चरे, माझ्याच अंगठ्याच्या फेऱ्यांचे. फुगा मारला, ब्रश फिरवला, कापडावर दोन थेंब टाकले. मधून कडेकडे. वहिनी पायरीवर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसली होती. गुरुवार परवावर आला होता. एकदा दुर्बीण ठाण्याच्या खोलीत गेली की सांगायला समोर वस्तूही राहणार नव्हती.

"वयनी, एक सांगाचं हाये."

"सांगा ना."

"हे काच मी खराब केली. राखेनं घासली. दादा वाशीमले गेला होता तवा."

सूप थांबलं नाही.

"मले मालूम हाये."

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून. माहा मलमलचा तुकडा तुमी चुलीपाशीच टाकून गेलते, राखेनं भरेल. मीनंच दाखवला त्यायले."

मी कापड खाली ठेवलं.

"मंग दादा बोलला काहून नाई?"

"काय बोलन? तुमी नाई म्हनलं ना." तिने एक खडा उचलून अंगणात फेकला. "म्हने, थांब, लहान्या सांगन. आपोआप सांगन. म्हनून तं दर रविवारी समोर बसवत तुमाले. तुमी गेले का घरात येऊन मले म्हनत, आज बी नाई सांगलं. पयले पयले हासत. मंग हासनं सोडलं."

निंबावर कावळा ओरडत होता. वहिनी डाळ पाखडत राहिली. मी विचारलं, रागावला होता का.

"काचेसाठी कोनी पंचवीस वर्सं रागावते का, भाऊजी?" ती म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.

मी दुसरी काचही पुसली. टोप्या लावल्या. मला रडू आलं नाही, उगाच खोटं लिहू कशाला. खिट्टी बसवायला मात्र फार वेळ लागला.

गुरुवारी आम्ही दोघं मानोऱ्याला गेलो. वहिनीजवळ दादाच्या मृत्यूचा दाखला आणि लायसनचं पुस्तक, माझ्याजवळ पेटी. ठाण्यात टेबलापाशी एक हवालदार होता, माझ्या पोराच्या वयाचा, बोलायला चांगला. त्याने बंदुकीचा नंबर लिहिला, नळीत पाहिलं, बोल्ट तपासून ठेवला. मग दुर्बीण हातात घेतली, टोपी काढली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. खाली घेतली. पुन्हा लावली.

"काका, मले यात धुकं धुकं दिसून राह्यलं," तो म्हणाला. "तुमी पाहा बरं. कशी दिसते?"

मी डोळा लावला. समोर रस्ता असावा. एसटी उभी असावी, तिच्यामागे चहाचं दुकान, माणसं. सगळं दूध. त्यात कोणीतरी चालत होतं, बाई का माणूस ते कळत नव्हतं. वहिनी माझ्या बाजूला उभी होती.

"अंधुक दिसते," मी म्हणालो.

हवालदाराने लिहिलं आणि लिहिताना मोठ्याने वाचलं. दुर्बीण नग एक, काच खराब.

"मीनं केली खराब," मी म्हणालो. "राखेनं घासून. त्याच्या लहान्या भावानं. आन त्याले कधी सांगलं नाई. हे बी लिहा."

त्याने पेन उचलून माझ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं.

"काका, तसा रकाना नसते यात."

"मंग खाली लिहा. जागा हाये."

"खाली सहीची जागा हाये." त्याने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि जरा अडखळून विचारलं, "सही करता, का अंगठा?"

चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी. मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि माझं पूर्ण नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं. अक्षर मोठं येतं माझं, रकान्यात मावत नाही. ते वर सरकून 'काच खराब' या शब्दांना जाऊन टेकलं. शाई वाळेपर्यंत हवालदाराने पान उलटलं नाही.

बंदूक आणि दुर्बीण आत गेली. रिकामी पेटी परत दिली, तिचा नंबर नसतो म्हणाला.

एसटीला वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर आम्ही बसलो, पेटी माझ्या मांडीवर. ऊन चढलं होतं, समोर उसाच्या रसाचं घुंगरू वाजत होतं. फुगा, ब्रशाची डबी आणि ते बारीक कापड माझ्या खिशात होतं. मी उगाच खिट्ट्या उघडल्या आणि झाकण वर केलं. तेल, कातडं, मऊ कापड. दादा.

वहिनीने हात लांब करून झाकण हळूच खाली दाबलं.

"बंद ठेवा भाऊजी," ती म्हणाली. "वास उडून जाईन."